सुपरचार्जर व टर्बोचार्जर : ग्रां प्री नियमांच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
इंजिनाची शक्ती सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेच्या प्रमाणावर अवलंबून असते. हवा अधिक असल्यास इंधनही अधिक जाळता येते. ही हवा दाबाने भरण्याची सुपरचार्जर व टर्बोचार्जर ही दोन साधने होत. त्यांचा उद्देश एक असला, तरी त्यांना लागणारी ऊर्जा कोठून येते, यात त्यांचा मूलभूत भेद आहे. शर्यतींच्या नियमांनी मात्र दोहोंना एकाच वर्गात ठेवले. या वर्गीकरणाचा परिणाम तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन्ही साधनांचे स्वरूप :
सुपरचार्जर दंतचक्रांद्वारे किंवा पट्ट्याद्वारे क्रँकशाफ्टवर चालतो. त्यामुळे प्रतिसाद तत्काळ मिळतो. परंतु इंजिनाच्या शक्तीचा काही भाग त्यावरच खर्च होतो. टर्बोचार्जरमध्ये उत्सर्जित वायूंमुळे टर्बाइन फिरते व त्याच अक्षावरील कॉम्प्रेसर हवा दाबतो. एरवी वाया जाणारी ऊर्जा अशा रीतीने उपयोगात येते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. टर्बाइनला वेग घेण्यास लागणारा विलंब, म्हणजेच ‘टर्बो लॅग’, हा या साधनाचा मुख्य दोष होय.

सुपरचार्जरचा उत्कर्ष व मर्यादा :
१९२३ साली मोंझा येथे फियाटने इटालियन ग्रां प्री जिंकली. सुपरचार्जर असलेल्या मोटारीचा हा पहिला ग्रां प्री विजय होता. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नियमांनी सुपरचार्जरयुक्त इंजिनास १.५ लिटर, तर साध्या इंजिनास ४.५ लिटर मर्यादा घातली. १९५० व १९५१ ची जागतिक अजिंक्यपदे आल्फा रोमिओच्या चालकांनी मिळवली. या मोटारीची शक्ती १९५१ मध्ये सुमारे ४२५ अश्वशक्तीपर्यंत पोहोचली. मात्र तिला प्रत्येक किलोमीटरला दीड लिटरहून अधिक इंधन लागे. १४ जुलै १९५१ रोजी सिल्व्हरस्टोन येथे गोन्झालेझ यांनी ४.५ लिटरच्या साध्या फेरारीने तिचा पराभव केला. वारंवार इंधन भरण्याची गरज हे या पराभवाचे एक महत्त्वाचे कारण होते.

एका तरतुदीचा अनपेक्षित परिणाम :
१९६१ ते १९६५ या काळात दाबभरणास बंदी होती. १९६६ च्या नियमांनी ३ लिटरच्या साध्या इंजिनास पर्याय म्हणून १.५ लिटरचे दाबभरित इंजिन पुन्हा मान्य केले. १९७७ मध्ये रेनॉने टर्बोचार्जर लावून या तरतुदीचा लाभ घेतला. आरंभी इंजिने वारंवार बिघडत. १९७९ मध्ये लॅग कमी करण्यासाठी रेनॉने एका मोठ्या टर्बोचार्जरऐवजी दोन लहान टर्बोचार्जर बसवले व त्याच वर्षी १ जुलै रोजी दिजाँ येथे जाबुई यांनी टर्बोचा पहिला विजय नोंदवला. १९८८ मध्ये टर्बो मोटारींना शर्यतीस केवळ १५० लिटर इंधनाची मर्यादा होती, साध्या इंजिनांना तशी मर्यादा नव्हती. तरीही मॅक्लारेन-होंडाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. १९८९ पासून टर्बोवर बंदी आली.

निष्कर्ष :
१९५१ मध्ये इंधनाच्या खर्चामुळे मागे पडलेला वर्ग १९८८ मध्ये मोजक्या इंधनावर विजयी ठरला. या यशात इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रणाचाही वाटा होता, हे मान्य करावे लागेल. तथापि नियमांनी हवेचा दाब पाहिला, ऊर्जेचा स्रोत पाहिला नाही, हे स्पष्ट होते. केवळ बाह्य परिणामावरून केलेले तंत्रज्ञानाचे वर्गीकरण अपुरे ठरते, असा निष्कर्ष यातून निघतो.