आडनावात राहिलेलं घर

आमच्या वटारमध्ये वटारकर कोणी नाही. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? इथे माणूस ओळखला जातो तो आळीवरून, वाडीवरून, आजोबाच्या नावावरून. 'कर' चिकटतो तो वेस ओलांडल्यावर. परक्या मुलखात कोणी 'कुठले?' असं विचारतं, आपण उत्तर देतो, आणि ते उत्तरच पुढे नाव होऊन बसतं. म्हणून 'कर' लागलेलं प्रत्येक आडनाव मला निघून आलेल्या माणसाचं आडनाव वाटतं. वसईच्या या पट्ट्यात राऊत, पाटील, म्हात्रे आहेत, आणि बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीजांकडून आलेले लोपीस, डिमेलो, रॉड्रिग्ज आहेत. स्वतःच्या गावाचं नाव पाठीवर घेऊन फिरणारे फार थोडे.

हे सगळं मनात घोळायला लागलं ते भाचीमुळे. ती नॉर्वेत बर्गनला असते. तिकडे उन्हाळा आला की लोक संगीतकारांची घरं पाहायला निघतात. एडवर्ड ग्रीगचं ट्रोल्डहाउगेन १८८५ साली बांधलेलं, तळ्याकाठचं लाकडी घर. खाली पाण्यालगत एक लहानशी खोपी, तिच्यात बसून तो स्वररचना करायचा. उंचीने ठेंगणा, म्हणून बेथोवेनच्या स्वरलिपीचे ग्रंथ बुडाखाली घेऊन बसायचा. रात्री जाताना टेबलावर चिठ्ठी ठेवायचा, की चोर आलेच तर कागद तेवढे नेऊ नका, माझ्याशिवाय कोणाच्या उपयोगाचे नाहीत. तो १९०७ साली गेला, घर १९२८ पासून सर्वांसाठी उघडं आहे. त्याच आवाराच्या कड्यात त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत. उन्हाळ्यात तिथे दुपारच्या मैफली होतात. ज्याने पोरवयातल्या ग्रीगला ऐकून लायप्झिगला शिकायला पाठवा म्हणून आग्रह धरला, त्या ओले बुल या व्हायोलिनवादकाचं घर बर्गनच्या दक्षिणेला एका बेटावर आहे. तिथे होडीने जातात.

भाचीने फोटो पाठवले आणि विचारलं, ''मामा, आपल्याकडे अशी घरं नाहीत का रे? उन्हाळ्यात जाऊन बघण्यासारखी?''

मी म्हटलं, आहे एक. पण ते फक्त उन्हाळ्यातच दिसतं.

*

गोव्यात सांगे तालुक्यात कुर्डी नावाचं गाव होतं. त्या गावात १५ जुलै १९०४ रोजी मोगूबाईंचा जन्म झाला. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर, किशोरी आमोणकरांच्या आई आणि गुरू. साळावली नदीवर धरण झालं, १९८६ साली कुर्डी पाण्याखाली गेली. तेव्हापासून दर मे महिन्यात धरणाचं पाणी ओसरतं, गाव वर येतं, आणि पावसाबरोबर पुन्हा बुडतं.

पण घराच्या आधी नावाची गोष्ट सांगायला हवी, कारण घर गेलं आणि नाव उरलं.

जुन्या गोव्यात देवळांच्या आधाराने राहणारी कलावंतांची घराणी होती. मुली देवाच्या सेवेला वाहिलेल्या. उत्सवात, पालखीपुढे गाणं-नाचणं त्यांच्याकडे. लग्न नाही, म्हणून नवऱ्याचं आडनाव नाही. बाप घरंदाज असला तरी त्याचं नाव लावायची मुभा नाही. मुलं आईची. मग ओळख सांगायची कशाने? ज्या गावच्या देवासमोर आई-आजी गायल्या, त्या गावाने. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या. मालपेंच्या अंजनीबाई मालपेकर झाल्या. मास्टर दीनानाथांचे वडील मंगेशाच्या देवळातले अभिषेक करणारे ब्राह्मण, आई येसूबाई कलावंत घराण्यातल्या. दीनानाथांनी गावाचं नाव घेतलं, मंगेशीवरून मंगेशकर, आणि ते नाव पुढे कुठे पोचलं हे मी सांगायची गरज नाही.

या नावांकडे इतकी वर्षं मी साध्या आडनावांसारखंच बघत आलो. त्यामागे काय नाकारलं गेलं होतं ते उशिरा कळलं. ज्या बायकांना कोणाच्या घराण्यात जागा नव्हती, त्यांनी अख्खं गावच घराणं म्हणून घेतलं. आणि गाण्याचा व्यवहारही असा, की त्यात नाव मोठ्याने सांगावं लागायचं. १९०२ नंतर आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा तबकडी दाबायला जर्मनीत हॅनोव्हरला जायची, तिथल्या कामगारांना आवाज कोणाचा ते कळावं म्हणून गाणं संपताच गवई स्वतःचं नाव पुकारायचे. नाटक मंडळ्यांच्या हस्तपत्रिकांवर, मैफलीच्या जाहिरातींत, तबकडीच्या चिठ्ठीवर ही गावं छापली जाऊ लागली. ज्या खेड्यात गाडीरस्ता नव्हता त्याचं नाव मुंबई-कलकत्त्याच्या दुकानांत पोचलं. केरीच्या केसरबाईंचा भैरवीतला आवाज तर १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. व्हॉयेजर-१ ने ५ सप्टेंबरला पृथ्वी सोडली, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या.

नॉर्वेतही शेतावरून आडनाव घ्यायची जुनी रीत आहे. माणूस ज्या शेतावर राहतो त्याचं नाव त्याला लागतं. गंमत ही, की ज्या ग्रीगच्या घरी सगळं जग जातं त्याचं नाव त्या मातीतलं नाहीच. त्याचा पणजोबा स्कॉटलंडहून आलेला, मूळचा ग्रेग. म्हणजे तिकडे नाव बाहेरचं आणि घर जागेवर. कुर्डीचं याच्या अगदी उलट.

*

मोगूबाईंची आई जयश्रीबाई. स्वतः गाणाऱ्या, पण मुलीने आपल्या पुढे जावं हा त्यांचा ध्यास. मोगू जेमतेम दहा वर्षांची असताना आईने तिला चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातलं. मडगावहून केप्याच्या रस्त्याला पारोड्याजवळ एक डोंगर लागतो, त्याच्या माथ्यावर चंद्रेश्वर भूतनाथ आहे. कुर्डीला जाताना ती वाट लागली तेव्हा मी गाडी थोडी थांबवायला सांगितली. दहा वर्षांच्या पोरीने गाव सोडलं ते याच देवाचं नाव लावणाऱ्या मंडळीबरोबर. वर्षभरात, १९१४ साली, आई वारली. मुलगी कुर्डीला परत राहायला आलीच नाही म्हटलं तरी चालेल. 'कुर्डीकर' होण्यासाठी कुर्डी सुटावी लागते, ती तिच्या बाबतीत अशी सुटली.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. नाटकातून पोट भरत, नाटक सुटल्यावर मिळेल तिथून शिकत ती सांगलीला आली. तिथे औषधोपचारासाठी उस्ताद अल्लादिया खाँ येऊन राहिले होते. रस्त्याने जाता-येता त्यांच्या कानावर एका घरातला रियाज पडायचा. एक दिवस ते स्वतः आत गेले आणि शिकवू लागले. हा माणूस कोण, किती मोठा, हे त्या पोरीला तेव्हा ठाऊकही नव्हतं. खाँसाहेब मुंबईला गेले, मागून तीही गेली. मध्ये तालमी तुटल्या, दुसऱ्या गुरूंकडे जावं लागलं, खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे तालीम झाली, तीही खंडित झाली. १९३४ साली गंडा बांधून त्या पुन्हा अल्लादिया खाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या, आणि १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत शिकल्या.

खाँसाहेबांच्या घराण्याचं नावही गावांचंच आहे, जयपूर-अत्रौली. अत्रौली हे उत्तरेतलं एक गाव, खाँसाहेबांच्या पूर्वजांचं. किराणा म्हणजे कैराना. आग्रा, ग्वाल्हेर ही तर उघडच नावं. आपल्या गाण्यातली सगळी वंशावळ गावांच्या नावांनी लिहिली आहे, आणि त्यातले बरेचसे लोक त्या गावांत राहिलेले नाहीत. मोगूबाईंनी अत्रौलीची गायकी कुर्डीचं नाव लावून गायली, आणि ती जशीच्या तशी, एक पलटाही सैल न सोडता मुलीच्या गळ्यात उतरवली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९६८ मध्ये, पद्मभूषण १९७४ मध्ये. १० फेब्रुवारी २००१ रोजी त्या गेल्या. म्हणजे आपलं गाव पाण्याखाली गेल्यानंतरही पंधराएक वर्षं त्या होत्या, कुर्डीकर या नावानेच.

*

धरण बांधणार, हे सांगायला गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः कुर्डीला गेले होते. बांदोड्याचे बांदोडकर, एका गावाचं नाव लावणारा माणूस दुसऱ्या गावाला गाव सोडा म्हणून सांगत होता. ते चुकले असं म्हणायचा मला अधिकार नाही. दक्षिण गोवा आज त्या पाण्यावर जगतो. पण आम्ही वसईकर पाण्याच्या बाबतीत हळवे आहोत. आमच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून शहरात जाताना आम्ही पाहिलं, हरित वसई चळवळीच्या मोर्च्यांत गावंच्या गावं उतरली. म्हणून कुर्डीची पुढची हकीकत ऐकताना माझा गळा दाटून आला. तीन हजारांच्या आसपास माणसं उठली आणि वाडे, वालकिणी या नव्या वसाहतींत जाऊन राहिली. ज्यांच्या भातशेतीवर, माडांवर, काजू-फणसांवर ते पाणी उभं राहिलं, त्यांच्याच वसाहतीत पुढे उन्हाळ्यात विहिरी आटून टँकर यायचे.

कुर्डीतल्या दोन गोष्टी मात्र वाचल्या. तिथे कदंबांच्या काळातलं महादेवाचं देऊळ होतं. पुरातत्त्व खात्याने ते दगड-दगड सोडवलं, प्रत्येकावर आकडा घातला, आणि धरणाजवळच्या सुरक्षित जागी पुन्हा जसंच्या तसं रचलं. जांभ्यात कोरलेली प्राचीन मातृदेवतेची मोठी मूर्ती होती, ती वेर्ण्याला नेली. हे काम फार मोलाचं झालं. मी ते देऊळ पाहिलं, चिऱ्यावर चिरा कसा नेमका बसलाय ते हात लावून पाहिलं. आणि मनात आल्याशिवाय राहिलं नाही, की देवाचं घर आकडे घालून हलवता आलं, देवापुढे गाणाऱ्या बाईचं घर हलवावं असं कोणाला सुचलं नाही.

*

मी गेलो तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात. वसई रोडहून रात्रीची गाडी, सकाळी मडगाव, मग केपे, सांगे आणि पुढे कुर्डी. गाव दिसायच्या आधी उजेड दिसतो. सगळीकडे झाडी आणि मध्येच एकदम उघडं, राखाडी, भेगाळलेलं मैदान. त्यात माडांचे बुंधे, सगळे एकाच उंचीवर तुटलेले. जांभ्याच्या चौथऱ्यांच्या ओळी. एका पडवीची पायरी, पुढे काहीच नाही. विहिरीचा गोल कठडा. पाट्याचा तुकडा. पाण्याने सगळ्या कडा गोल केल्या आहेत, त्यामुळे घर कुठलं आणि बांध कुठला हे अनोळखी डोळ्याला कळत नाही.

पण तिथल्या माणसांना कळतं. त्या दिवशी सोमेश्वराचा उत्सव होता. सोमेश्वराचं लहान देऊळ जागेवरच आहे, वर्षाचे अकरा महिने पाण्यात. मे महिन्यात ते बाहेर आलं की जुने गावकरी येतात, धुतात, पताका बांधतात, पूजा करतात. ख्रिस्ती गावकरी आपल्या कपेलच्या फेस्ताला असेच येतात. म्हातारी माणसं नातवंडांना हाताला धरून भेगांवरून चालत होती आणि बोट दाखवत होती: इथे आपली माजघराची भिंत, इथे गोठा. आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, वैशाखात आटलं की तळाची रहाटाची जुनी चिरेबंदी उघडी पडते, तेव्हा माझे वडील असेच काठावर उभे राहून सांगायचे.

मोगूबाईंचं घर कुठलं ते मला असंच एका गृहस्थांनी दाखवलं. सत्तरीचे असावेत, डोक्यावर टॉवेल. चौथरा गुडघ्याएवढा, वर वाळलेला गाळ. ट्रोल्डहाउगेनला पियानो आहे, चष्मा आहे, चिठ्ठी आहे. इथे काही नाही. मी फोनवर त्यांचं एक ध्वनिमुद्रण आणलं होतं, लावू की नको असं झालं. शेवटी लावलं, हळू आवाजात. ऊन रणरणतं होतं, त्या मोकळ्या जागेत आवाज टिकेना. ते गृहस्थ शेजारी चौथऱ्यावर बसून राहिले. भाचीसाठी मी फोटो काढला, त्यात फक्त चिरे आले आणि त्यांची सावली.

ते वालकिणीला राहतात, पण आडनाव सांगितलं ते कुर्डीचंच. कोकणीत 'कर'चा उच्चार 'कार' असा लांबतो. निघताना त्यांनी विचारलं, ''गांव खंयचो तुमचो?''

मी म्हटलं, ''वटार. वसईजवळ.''

त्यांनी तो शब्द तोंडात एकदा फिरवून पाहिला. मग देवळाकडे प्रसाद वाटणाऱ्या पोराला हाक मारून म्हणाले, या वटारकारांना दे रे आधी, दुरून आलेत.