तेल तर घरात असतंच!

परवा एका ग्रुपवर व्हिडिओ आला. पांढरा कोट घातलेला शेफ, मागं चकचकीत ओटा, आणि विषय ‘शंभर रुपयांत चार जणांचं जेवण’. सवयीनं कागद-पेन घेऊन बसलो. डाळ चाळीस, भाजी तीस, दही वीस, कोथिंबीर दहा. झाले शंभर. मग त्यानं कढईत पळीभर तेल ओतलं. तेल, मीठ, मसाला तर घरात असतंच म्हणून ते हिशोबात धरलं नाही. गॅसचं तर नावच नाही.

त्या शेफचं नाव सांगत नाही, कारण तो एकटा दोषी नाही. या ‘घरात असतंच’ला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासातलं एक महत्त्वाचं पान आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या माणसानं लिहिलंय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ काढून वाचा.

मराठीत छापील स्वयंपाकाचं पुस्तक आलं १८७५ साली, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं. एक हजार! पुस्तकं पुण्या-मुंबईकडची, वाचणारी घरंही तिकडचीच. ज्या घरात तूप, साखर, वेलदोडा आहे आणि वाचता येणारी बाई आहे, त्या घरासाठी ती लिहिली गेली. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. इथल्या बाईच्या हातात पुस्तक नव्हतं, जात्याचा खुंटा होता.

मग १९७० साली आलं ‘रुचिरा’. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजही असेल, पिवळ्या पानांचं, हळदीचे डाग पडलेलं. कमलाबाईंनी एक मोठं काम केलं. शेर-तोळ्याची भानगड बाजूला ठेवून वाटी आणि चमचा हे माप आणलं. वाटी खरंच प्रत्येक घरात असते. लग्न होऊन शहरात एकट्या राहणाऱ्या पोरींना त्या पुस्तकानं आईसारखा हात दिला. लाखावर प्रती खपल्या. टीव्ही नसलेल्या काळातल्या त्या खऱ्या सेलिब्रिटी. त्यांचा मान कमी करायचा नाही. पण वाटी घरात असली तरी वाटीत घालायला काय आहे, हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न दोनच वर्षांत आपल्या दारात आला. १९७२ चा दुष्काळ. जुनी माणसं अजून साल सांगत नाहीत, ‘बहात्तरच्या वक्ताला’ म्हणतात. विहिरी आटल्या, जनावरं बाजारात मातीमोल गेली. बायाबापड्या खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर गेल्या. रोजगार हमी तेव्हाच सुरू झाली, तिचा कायदा पुढं १९७७ साली झाला. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. कामावर सुकडी मिळायची.

आता ‘रुचिरा’ आणि मिलो शेजारी-शेजारी ठेवा. एकीकडं वाटी-चमच्यानं मोजलेला श्रीखंडवड्यांचा महाराष्ट्र, दुसरीकडं शाळूची सवय असलेल्या हातानं लाल पिठाची भाकरी थापायला बसलेली बाई. भाकरी तुटते, चिरते. मग पीठ उकळत्या पाण्यात घालायचं, उकड काढायची, गरम असतानाच मळायचं. दिवसभर खडी फोडून आल्यावर, अंधारात, तुराट्यांच्या जाळावर. हे शिकवणारं पुस्तक नव्हतं. तरी घराघरात बायकांनी हे केलं आणि लेकरं जगवली. मला विचाराल तर महाराष्ट्राच्या स्वयंपाकाच्या इतिहासातला हा सर्वात अवघड धडा आहे, आणि तो दिलेल्या एकाही बाईचं नाव कुठं छापून आलं नाही.

खरं तर कमी पैशाचा स्वयंपाक हे आपल्या भागाचं जुनं शास्त्र आहे. हुलग्याची शेंगोळी बघा. डाळ आणि भाकरी दोन्हीचं काम एकाच भांड्यात, एकाच जाळावर. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या का घालतात? भाजी वाढते, पोट भरतं, आंबटपणा मोडतो. येसर एकदा भाजून-दळून डब्यात भरलं की डाळ नसेल त्या दिवशीही आमटी होते. मूठभर हुलग्याच्या पिठाचं माडगं अख्ख्या घराला पुरतं. भाकरी झाल्यावर तव्याच्या उरलेल्या धगीवर मिरच्या नाहीतर शेंगदाणे भाजून घ्यायचे, वेगळा जाळ घालायचा नाही. तेल शेवटी, चटणीवर थेंबभर, करडीचं. या शास्त्रात तेल, सरपण आणि पाणी ‘घरात असतंच’ असं कुणी धरलेलं नाही. हिशोब तिथूनच सुरू होतो.

१९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ सुरू झाला आणि केबलबरोबर शेफ घरात आला. मागून मराठी वाहिन्यांवरचे कार्यक्रम आले, मग यूट्यूब, आता रील. चांगलंही बरंच झालं. पुरुष ओट्याशी उभे राहू लागले, गावातल्या पोरी केक करून विकू लागल्या. पण कार्यक्रम चालतो जाहिरातीवर. तेलाची कंपनी, मसाल्याची कंपनी, मिक्सरची कंपनी पैसे देते. त्यामुळं तेल कमी कसं वापरायचं हे सांगण्यात तिथं कुणाचा फायदा?

गरिबाचा पदार्थ पडद्यावर आला तरी सोहळा होऊन येतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्लीत संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली ९१८ किलो खिचडी शिजली, गिनीजमध्ये नोंद झाली. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं वर्ष जाहीर केलं, तर मोठ्या हॉटेलांत ज्वारीचं सॅलड आलं. इकडं आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या रानात सोयाबीन उभं आहे. चांगला शाळू घ्यायला गेलं तर गव्हापेक्षा महाग. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो म्हणून गरिबाच्या ताटातून भाकरी कमी झाली, आणि त्याच वेळी भाकरी ही फॅशन झाली.

आता ते महत्त्वाचं पान. २०१५ साली एक पुस्तक आलं, ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. लेखक शाहू पाटोळे, आपल्याच जिल्ह्यातल्या खामगावचे. केंद्र सरकारच्या माहिती सेवेत नोकरी केलेले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या घरात काय शिजत होतं, कसं शिजत होतं, हे त्यांनी कृतीसकट लिहून काढलं. मांस वाळवून केलेल्या चान्या, रानातल्या भाज्या, मसाल्याविना आणि जवळपास तेलाविना होणारी कालवणं. ज्याला गावानं नावं ठेवली ते अन्न त्यांनी पुस्तकात आणलं. नावातच सगळं आलं. ज्यांच्या ताटात कायम काहीतरी कमीच पडलं, त्यांच्यासाठी अन्न पूर्णब्रह्म कसं असेल? २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद झाला आणि देशभर चर्चा झाली. ‘सूपशास्त्रा’नंतर हे यायला १४० वर्षं लागली. आपल्या जिल्ह्यात किती जणांनी ते वाचलंय, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. मीसुद्धा उशिराच वाचलं.

हा सगळा इतिहास आज का काढला? कारण तोच हिशोब आजही रोज सकाळी आपल्या गावच्या शाळेत चालू आहे.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या एका मुलामागं स्वयंपाकाच्या साहित्याचा दर १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे आहे. सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. तांदूळ सरकार वेगळा देतं. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं यात. लहान मुलामागं माप ठरलेलं आहे: डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम. शंभर लेकरं धरा. दोन किलो डाळ, पाच किलो भाजी, अर्धा किलो तेल आणि खर्चायला ६७८ रुपये. व्हिडिओतल्या शेफनं चार माणसांना जे शंभर रुपये लावले, तेवढ्यात इथं चौदा लेकरांचं भागवायचं. आणि इथं ‘तेल घरात असतंच’ म्हणायची सोय नाही.

दुसरा आकडा बघा. जानेवारी २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली, तेव्हा ग्रामीण भागात एका थाळीचा खर्च सरकारनंच ३५ रुपये धरला होता. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. मोठ्या माणसाचं पोट मोठं, तिथं तांदूळही त्यातच, हे मान्य. तरी ३५ कुठं आणि पावणेसात कुठं?

२०२४ मध्ये राज्य सरकारनं शाळेसाठी नव्या पाककृती ठरवल्या. पुलाव, मसालेभात, उसळ, खीर, नाचणीचं सत्त्व. कागदावर यादी झकास आहे. पण खिरीला साखर लागते, दूध लागतं, जास्तीचा जाळ लागतो. जानेवारी २०२५ मध्ये सांगण्यात आलं की अंडी आणि गोड पदार्थ लोकसहभागातून द्या, वेगळा निधी नाही. सहा-सात रुपयांचं एक अंडं म्हणजे लेकराच्या अख्ख्या दिवसाचा दर. पाककृती आली, पैसे आले नाहीत.

आणि हे शिजवते कोण? महिना अडीच हजार रुपये मानधनावर काम करणारी गावातलीच बाई. बहुतेक वेळा विधवा, भूमिहीन, नाहीतर जिचा नवरा ऊसतोडीला गेलाय अशी. भात उरला तर बोलणी तिलाच, कमी पडला तरी तिलाच.

शेफ मंडळी काहीच करू शकत नाहीत असं नाही. ब्रिटनमध्ये २००५ साली जेमी ऑलिव्हर हा टीव्हीवरचा नावाजलेला शेफ शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. तिथल्या स्वयंपाकीण बाईंच्या शेजारी उभा राहिला. एका मुलाच्या जेवणाच्या साहित्याला फक्त ३७ पेन्स मिळतात हे त्यानं टीव्हीवर दाखवलं. अडीच लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या आणि सरकारला २८ कोटी पौंड जाहीर करावे लागले. पुढं त्याच्यावर टीकाही झाली, गरिबांना शहाणपण शिकवतो म्हणून. पण पदार्थाच्या आधी पैशाचा आकडा बोलला, हे त्यानं बरोबर केलं.

आपल्याकडं उलटं होतं. ज्यांना कमी पैशात शिजवायचं कळतं त्यांना कुणी विचारत नाही, आणि ज्यांनी कधी तेल मोजलं नाही ते शिकवायला बसतात. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या वेळी शाळेच्या आहाराची यादी ठरेल तेव्हा त्या टेबलावर शेफ, आहारतज्ज्ञ यांच्या बरोबरीनं वाशी, भूम, परंड्याच्या शाळेत रोज शिजवणाऱ्या दोन बायाही बसवा. त्या पहिला प्रश्न विचारतील, तेल किती आणि जाळाचं काय? बाकी पाककृती त्यांना पाठ आहेत.

तोवर आपण दोन गोष्टी करू. आपल्या गावच्या शाळेत एकदा दुपारी जाऊन बघा, आज किती तेलात काय शिजलं. आणि घरात आजी असेल तर तिला विचारा, बहात्तरला चुलीवर काय होतं. विचारा आणि वहीत लिहून ठेवा, मापासकट. ती माणसं आता थोडी उरलीत.