जुन्या संगणकांची निगा : यंत्रांच्या इतिहासातील एक उपेक्षित प्रकरण

यंत्राच्या जन्माची तिथी सर्वांना ठाऊक असते. ते पुढे कोणी जगवले, हे मात्र कोणी विचारीत नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर या अरुंद रुळांवर शकुंतला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बांधले गेले आणि १९२३पासून १९९४पर्यंत धावले. मँचेस्टरच्या कारागिरांनी ते एकदाच बांधले. सत्तर वर्षे ते चालते ठेवले ते इकडच्या फिटरांनी. त्यांची नावे आज आम्हांला सांगता येत नाहीत. याच जिल्ह्यात आज काही हौशी माणसे तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे संगणक उघडून बसतात, त्यांना थंड ठेवतात, दुरुस्त करतात. तो उद्योग पोरकट वाटला, तरी त्या फिटरांच्याच परंपरेतला आहे, असे आमचे मत आहे.

संगणक आणि उष्णता यांचे वैर जुने आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी घडविलेला टिफ्रॅक फेब्रुवारी १९६०मध्ये पूर्णपणे कामास लागला; हे नाव त्याला १९६२ साली मिळाले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळीच्या पोटात तापलेली तार, म्हणजे हे यंत्र गणित करीत होते त्याहून अधिक वेळ शेगडीसारखे जळत होते म्हणायचे! पुढे ट्रान्झिस्टर आले, चकत्या आल्या आणि उष्णतेचा प्रश्न मिटला असे वाटले. १९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यातील ८०८८ ही मुख्य चकती दोन-अडीच वॅटच्या आत भागवीत असे. तिच्या डोक्यावर पंखा नव्हता, धातूची पट्टीही नव्हती. पण वेगाची हाव वाढली. १९९३चा पहिला पेंटियम पंधरा वॅटच्या आसपास पोहोचला, आणि हीट सिंक व वर गुरगुरणारा छोटा पंखा हे संगणकाचे नित्याचे अवयव झाले.

आपल्याकडे संगणकाची वाट १९८४च्या नोव्हेंबरमधील केंद्राच्या नव्या धोरणाने मोकळी झाली. त्याआधी पुसदला १९८३ साली बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय उघडले होते. परंतु सामान्य घरातील मुलाचा हात कळफलकाला लागला तो बहुधा २००१नंतर, महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे. दारव्हा, दिग्रस, वणी, उमरखेड अशा गावी वर्ग निघाले, आणि त्या वर्गांतून निवृत्त झालेली यंत्रेच आज भंगाराच्या दुकानात वजनावर मिळतात.

ही यंत्रे मरतात कशाने? विजेच्या लहरीपणाने मरतातच. भारनियमनाच्या काळात ज्यांनी वर्ग चालविले त्यांना ते सांगावयास नको. पण खरा शत्रू ऊन. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, म्हणजे संगणकाच्या पेटीत ५० अंशांच्या वरची हवा. जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्यांच्या भाषेतील कंडेन्सर म्हणजे द्रव भरलेली लहान डबीच असते. तापमान दहा अंशांनी वाढले की तिचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. थंड देशातील २२ अंशांच्या खोलीशी तुलना करा : वीस अंशांच्या फरकाने चतुर्थांश आयुष्य उरते. त्यातच १९९९ ते २००७च्या सुमारास जगभर बनलेल्या अनेक मदरबोर्डांत सदोष द्रवाचे कंडेन्सर होते. एमएस-सीआयटीची यंत्रे नेमकी त्याच काळातली! वरचे झाकण फुगलेले दिसले की ते बदलणे एवढाच उपाय.

दुसरा शत्रू कापूस. आपले वैभव तेच, आणि संगणकाच्या हीट सिंकच्या पात्यांत अडकणारी रुईही तीच. जिनिंगच्या हंगामात खिडकीजवळ ठेवलेले यंत्र उघडले तर पंख्याखाली चक्क वाकळ सापडते. ब्लोअरने ती उडवताना पंखा बोटाने धरून ठेवावा. नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरतो आणि त्याचे बेअरिंग जाते. वऱ्हाडी माणसाला कूलरचा मोठा भरवसा. पण त्याचा ओलसर झोत थेट यंत्रावर सोडू नये. थंडावा मिळतो, पण पाठोपाठ गंजही येतो. पंखा स्वच्छ करणे, वाळून खडू झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावणे आणि दुपारी यंत्र बंद ठेवणे, हा आमचा अनुभवाचा इलाज आहे.

आम्ही पहिल्यांदा उघडले ते एक ४८६ होते. मदरबोर्डावर निळी, बोटभर निकेल-कॅडमियमची बॅटरी डाखलेली होती. ती फुटून भोवतीच्या तांब्याच्या वाटा हिरव्या पडल्या होत्या. हा पाझर क्षारधर्मी असतो, म्हणून त्यावर लिंबाचा रस चालतो. तो लावला, फेस आला, स्पिरिटने धुतले. खाल्लेल्या तीन वाटा भिंगाखाली केसासारखी तार डाखून जोडल्या. चौथ्या दिवशी पडद्यावर स्मृतीची मोजणी सुरू झाली आणि घरातील मंडळींना आमच्या शहाणपणाविषयी वाटणारी शंका थोडी कमी झाली.

आता सुधारणेचा प्रश्न. जुन्या संगणकात नवे घालावे काय? या वादात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, यंत्र होते तसेच ठेवा. आम्ही त्या पक्षाचे नाही. कारण सुधारणा हा त्या यंत्रांचा स्वभावच होता. आयबीएमने गणिताच्या ८०८७ चकतीसाठी जागा मुद्दाम रिकामी सोडली होती. १९८४ साली एनईसीची व्ही२० आली. ती ८०८८च्या खाचेत जशीच्या तशी बसे आणि काम थोडे झपाट्याने करी. लोक तेव्हाही बदलत होते, आम्हीही बदलतो. घरघरणाऱ्या चकतीच्या जागी मेमरी कार्ड बसविले, तर उष्णता घटते आणि आवाजही जातो. फक्त पुष्कळ जुन्या यंत्रांना सुमारे ५०० मेगाबाइटच्या पुढचे दिसत नाही, हे ध्यानी ठेवावे. काढलेला भाग मात्र टाकू नये. चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा.

या खटाटोपाचे एक कारण मात्र निव्वळ हौसेचे नाही. युनिकोड घरोघर पोहोचण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत जुळविला जाई. फाँट नसेल तर नव्या संगणकावर त्याची नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. छोटे छापखाने, पतसंस्था, गावोगावची नियतकालिके यांचा १९९०नंतरचा कितीतरी मजकूर अशा फ्लॉप्यांत पडून आहे, आणि पावसाळ्यात त्यांवर बुरशी चढते. एका बंद पडलेल्या छापखान्यातून आमच्याकडे तेरा फ्लॉप्या आल्या. त्याच ४८६वर, जुन्या फाँटासह, त्यांपैकी चार उघडल्या : लग्नपत्रिका, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अहवाल, आणि एका शेतकऱ्याने स्वतःच्या खर्चाने छापावयास दिलेल्या आठवणींची अठ्ठावीस पाने. नवव्या पानावर तो १९७२चा दुष्काळ सांगू लागतो. पुढचा भाग दुसऱ्या फ्लॉपीत असावा. उरलेल्या नऊ आम्ही कोरड्या डब्यात ठेवल्या आहेत. पावसाळ्यापूर्वी वाचकशीर्ष पुन्हा साफ करून त्या एकदा लावून पाहणार आहोत.