वाळूवरील अक्षरे आणि वर्गातील शिस्त

वर्गात शांतता कशी राखावी, हा प्रश्न शाळेइतकाच जुना आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत त्याचे उत्तर त्यांच्या हाताशीच असे. छडीचा मार, कान पिळणे, अंगठे धरून ओणवे राहणे ही त्या शाळेची ओळखच होऊन बसली होती. परंतु याच देशी शाळांत शिस्तीचे दुसरेही एक साधन होते. वरचा मुलगा खालच्या मुलास धूळपाटीवर अक्षरे गिरवावयास लावी. परवच्याच्या वेळी एकाने पाढा सांगावा व इतरांनी तो मागून म्हणावा. ज्याच्या हाताला आणि जिभेला काम आहे, त्यास खोडी काढण्यास सवड कोठली? या साधनाचा डांगोरा पुढे साऱ्या जगात पिटला गेला, तो मात्र एका परक्या माणसाकडून.

अँड्र्यू बेल हे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८७ मध्ये मद्रासेस आले आणि १७८९ मध्ये तेथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे चालक झाले. शाळेतील पगारी शिक्षक कामचुकार होते. एकदा बेल यांना एका मलबारी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना दिसली. हीच रीत आपल्या शाळेत आणावी, तर शिक्षक राजी होईना. तेव्हा बेल यांनी मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलावर सोपविला. शिक्षकास जे अशक्य वाटत होते, ते त्या मुलाने करून दाखविले. हळूहळू सारी शाळाच मुले मुलांस शिकवू लागली. अपराधांची नोंद एका काळ्या वहीत होई आणि त्यांचा न्यायनिवाडा सवंगड्यांचेच पंच करीत. या व्यवस्थेत शिक्षेचे प्रसंग फारच थोडे येतात, असा निर्वाळा बेल यांनी दिला. त्यांचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनमध्ये छापला गेला.

त्याच सुमारास, १७९८ मध्ये, लंडनच्या साउथवार्क भागात जोसेफ लँकेस्टर या तरुणाने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. एका शिक्षकाने होतकरू मुलांच्या साहाय्याने शेकडो विद्यार्थी शिकवावेत, ही त्याची योजना. तो क्वेकर पंथाचा असल्याने मारझोड त्यास निषिद्ध होती. परंतु छडी दूर करून त्याने तिच्या जागी लाज आणून बसविली. बडबड्या मुलाच्या गळ्यात चार ते सहा पौंडांचा लाकडी ओंडका अडकवीत. कोणास टोपलीत बसवून छताला टांगीत आणि इतरांनी त्याकडे पाहून हसावे अशी अपेक्षा असे. अंगावर वळ उठत नसत एवढेच. मनावर उठत ते कोणास दिसत नसत.

मद्रासच्या वाळूतून निघालेली ही पद्धती विलायतेची शिकवण म्हणून पुन्हा हिंदुस्थानात परतली. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत निघालेल्या शाळापुस्तक मंडळीने आपल्या मराठी शाळांसाठी ती स्वीकारली. पुढे पगारी शिक्षक वाढले आणि पद्धती मावळली; परंतु ‘मॉनिटर’ हे नाव मागे राहिले. मात्र त्याचे काम पार पालटले. जो सोबत्यास अक्षर शिकवीत होता, तो बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहू लागला. शिक्षकाचा सहकारी पहारेकरी झाला. वर्गातील शिस्तीचा ऱ्हास याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

हरवलेला धागा पुन्हा हाती घेण्याचे मोठे श्रेय भावनगरास आहे. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले. शिक्षा त्यांनी वर्ज्य मानलीच, पण बक्षिसाचे आमिषही वर्ज्य मानले. ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातील शिक्षक पहिल्या दिवशी मुलांस शांततेचा खेळ शिकवू जातो आणि वर्गात नुसता गोंधळ उडतो. तो छडी शोधीत नाही. गोष्ट सांगू लागतो, आणि वर्ग आपोआप निवांत होतो.

भावनगरास गिजुभाईंच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक यांनी हा विचार मराठी मुलुखात आणला. १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येत नसत. दुसऱ्या कोणी त्यांस बेशिस्त ठरवून पालकांस दटावले असते. या दोघींनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली. मुलाचा दोष शोधण्यापूर्वी शाळेचा दोष शोधावा, हा कुरणशाळेचा धडा होय.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही बंदी केली. छडी आणि ओंडका एकाच कलमात निषिद्ध ठरले, हे योग्यच झाले. तथापि कायदा शिक्षकाच्या हातातील छडी काढून घेऊ शकतो. मुलाच्या हाती काम देऊ शकत नाही. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एकट्या उभ्या असलेल्या शिक्षकास नुसता निषेध पुरत नाही. त्यास सवड, साधने आणि लहान वर्ग हवेत. ते मिळेतोवर त्या आठ वर्षांच्या मुलाची आठवण उपयोगी पडेल. त्याच्या हाती छडी नव्हती. समोर वाळू होती आणि शिकवायला अक्षरे होती.