गुड नाइट, मामा!

आमच्या कामोठ्याच्या सोसायटीत रात्रपाळीला एक मामा होते. मानसरोवर स्टेशनवर उतरून, रिक्षाच्या रांगेत धक्के खाऊन मी रात्री दहाला फाटकाशी पोचलो, की ते खुर्चीवरून उठत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "गुड नाइट, सर!"

आता 'गुड नाइट' हे निरोपाचे. आल्या माणसाला ते म्हणणे म्हणजे पाहुण्याने चपला काढायच्या आत त्याच्या हातावर बडीशेप ठेवणे! एकदा न राहवून मी मामांना समजावले : रात्री भेटताना 'गुड ईव्हनिंग', निघताना 'गुड नाइट'. मामांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "पण सर, दहा वाजता ईव्हनिंग कुठली?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून शब्दकोश काढला, आणि पुरता फसलो. 'गुडबाय'मध्ये मुळात 'गुड' नाहीच! 'गॉड बी विथ यी', म्हणजे देव तुमच्या पाठीशी असो, हे वाक्य सोळाव्या शतकातल्या इंग्रजांनी बोलता बोलता चावून चावून बारीक केले. केंब्रिजच्या गेब्रिएल हार्वी या विद्वानाने १५७३ साली ते पत्रात जवळजवळ आजच्याइतके आखूड करून लिहिले आहे. पुढे 'गुड डे', 'गुड नाइट' यांच्या संगतीने 'गॉड'चाही 'गुड' झाला. म्हणजे बरोबर शब्द म्हणून आपण जो मिरवतो, तोच चुकीतून जन्मलेला! पोर्तुगीजांच्या 'अदेउस'मधला देव मात्र शाबूत राहिला. गोव्याच्या मांडोतही तो निरोपाला हजर असतो.

आणि आपण तरी काय? दाराबाहेर पडताना "जातो" म्हटले की आजी डोळे वटारायची. "येतो म्हणावं रे!" एखादा इंग्रज हे शब्दशः घेऊन दारात वाट बघत बसला, तर चूक कोणाची?

दिवाळीनंतर मामांनी नोकरी सोडली. गुडघे साथ देईनात, मुलाने गावी बोलावले. सकाळी सातला पिशवी घेऊन दारात आले.

"आता काय म्हणायचं, सर?"

"गुडबाय," मी म्हणालो.

"गुडबाय, सर." लिफ्टपर्यंत गेले, पुन्हा वळले. "बरं, येतो."

"या, मामा," मी म्हटले.