३० डिसेंबर २०२० : एनबीएत प्रथमच महिलेकडे संघाची सूत्रे

सॅन अँटोनिओ स्पर्स विरुद्ध लॉस एंजेलिस लेकर्स सामन्याचे दुसरे सत्र सुरू होते. पंचांशी हुज्जत घातल्याने स्पर्सचे मुख्य प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांना बाहेर काढण्यात आले. जाता जाता त्यांनी सहायक प्रशिक्षक बेकी हॅमनकडे बोट दाखवले, झाले! उरलेला सामना तिने चालवला. अमेरिकेतील पुरुषांच्या एनबीए बास्केटबॉल स्पर्धेत नियमित हंगामातील सामन्यात मुख्य प्रशिक्षकाची जबाबदारी सांभाळणारी ती पहिली महिला. स्पर्स १०७-१२१ असे हरले, पण नोंद झाली ती बेकीच्या नावाची.

साऊथ डकोटातील रॅपिड सिटीची ही जेमतेम साडेपाच फुटांची खेळाडू. १९९९ मध्ये महिलांच्या डब्ल्यूएनबीएच्या निवडप्रक्रियेत तिला कोणीच घेतले नव्हते. पुढे तिथेच १६ हंगाम खेळली. अमेरिकेच्या संघात जागा मिळेना, तेव्हा रशियाकडून उतरून २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्सने तिला पूर्णवेळ, पगारी सहायक नेमले. वर्षभरातच तिने त्यांच्या संघाला लास व्हेगासची समर लीग जिंकून दिली. पुढे तिच्या मार्गदर्शनाखाली लास व्हेगास एसेस २०२२ आणि २०२३ मध्ये डब्ल्यूएनबीए विजेते ठरले. एनबीएतील मुख्य प्रशिक्षकपद मात्र तिला मिळाले नाही.