ऑरेगॉनचा मोकळा किनारा

समुद्र कोणाचा, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. परंतु समुद्र आणि जमीन यांच्यामधील वाळूची चिंचोळी पट्टी कोणाची, हा वाद मात्र फार जुना आहे. भरतीच्या वेळीं ती समुद्राची असते, ओहोटीच्या वेळीं जमिनीची. आणि जी वस्तु दिवसांतून दोनदां धनी बदलते तिजवर कायमची मालकी सांगणारा मनुष्य थोडा हास्यास्पदच ठरावयाचा. तथापि जगांत सर्वत्र माणसें अशी मालकी सांगत आलीं आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉन संस्थानानें हा वाद कसा सोडविला, आणि त्यांतून सामान्य लोकांना समुद्राकांठीं राहुटी ठोकून चार दिवस सुखानें घालविण्याची सोय कशी झाली, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण विचार करावयास लावणाराहि आहे.

कोलंबिया नदीच्या मुखापासून कॅलिफोर्नियाच्या सरहद्दीपर्यंत हा किनारा सुमारें ३६० मैल लांब आहे. कोठें काळ्या अग्निजन्य खडकांचे कडे सरळ पाण्यांत उतरले आहेत, कोठें वाळूच्या टेकड्या मैलोगणती पसरल्या आहेत, आणि मागें सूचिपर्णी वृक्षांचें दाट, ओलें अरण्य उभें आहे. पाणी इतकें थंड कीं त्यांत पोहणारे विरळाच. येथील सुख चालण्यांत, वाळूंतले शिंपले उकरण्यांत आणि वाहून आलेल्या लांकडांची शेकोटी पेटवून लाटा पाहत बसण्यांत आहे. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधीं येथें टिलामूक, अल्सी, सायुस्लॉ, कूस इत्यादि लोकांचीं गांवें होतीं. १८५५ सालीं सरकारनें त्यांच्यासाठीं किनाऱ्याचाच एक लांब पट्टा राखून ठेविला व निरनिराळ्या जमातींस तेथें आणून वसविलें. पुढें १८६५ व १८७५ सालीं त्या पट्ट्याचेहि लचके तोडून ती जमीन वसाहतवाल्यांस खुली करण्यांत आली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा संबंध पुढें येणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत भरती-ओहोटीच्या दरम्यानची कांहीं वाळू संस्थानानेंच खाजगी माणसांस विकून टाकली. हा क्रम तसाच चालू राहता तर आज तेथें जागोजाग कुंपणें दिसलीं असतीं. तो थांबविला १९११ ते १९१५ पर्यंत गव्हर्नर असलेल्या ऑस्वल्ड वेस्ट यांनीं. किनाऱ्याच्या रक्षणाचा कायदा करूं म्हटलें असतें तर जमिनीचे व्यापारी आडवे आले असते. वेस्ट यांनीं निराळीच युक्ति योजिली. त्या काळीं डोंगरी रस्ते जवळजवळ नव्हतेच. टपालाच्या व प्रवाशांच्या घोडागाड्या ओहोटीची वेळ पाहून ओल्या, घट्ट वाळूवरून धांवत. तेव्हां ही वाळू म्हणजे सार्वजनिक हमरस्ता आहे, एवढेंच सांगणारें अवघ्या कांहीं ओळींचें विधेयक त्यांनीं १९१३ सालीं मांडलें. एक पैसा खर्च न करतां संस्थानास शेंकडों मैलांचा रस्ता मिळतो, हें ऐकून कायदेमंडळ खूष झालें व विधेयक संमत झालें. रस्त्याच्या नांवाखालीं आपण एक अपूर्व क्रीडांगण राखून ठेवीत आहों, याची जाणीव त्या वेळीं फार थोड्यांना असावी.

नांवाचा हा रस्ता पुढें खऱ्या रस्त्यामुळें सार्थकीं लागला. १९१९ सालीं ऑरेगॉननें मोटारीच्या पेट्रोलवर कर बसविला. असा कर बसविणारें अमेरिकेंतील तें पहिलें संस्थान. त्या पैशांतून किनाऱ्याचा राजमार्ग तयार होऊं लागला, आणि १९३६ सालीं कॉन्डे मॅकलॉ या इंजिनियरच्या पांच सुंदर पुलांनीं त्यांतील शेवटच्या मोठ्या खाड्या सांधल्या. संस्थानचीं उद्यानें याच रस्तेखात्याच्या ताब्यांत होतीं. १९२९ सालीं त्यांचा पहिला अधीक्षक म्हणून सॅम्युएल बोर्डमन यांची नेमणूक झाली. कोलंबियाकांठच्या ओसाड, वाळवंटी मुलखांत शेती करून पाहिलेला हा मनुष्य. उघड्या रस्त्यांच्या कडेला झाडें लावण्याचा त्यांना छंद होता. वरिष्ठ मंडळ पैशाच्या बाबतींत हात आंखडून असे. म्हणून बोर्डमन जमीनदारांच्या घरीं जाऊन बसत, गोड बोलत, पत्रांमागून पत्रें लिहीत, आणि एखादें भूशिर, एखादा धबधबा, एखादी वनराई दानांत किंवा अल्प किंमतींत मिळवीत. ते नोकरीवर आले तेव्हां ४६ उद्यानें होतीं. १९५० सालीं निवृत्त झाले तेव्हां तीं १८१ झालीं होतीं. आपल्याकडे एखादा भाविक गांवोगांव वर्गणी मागून देवळाचा जीर्णोद्धार करतो, तीच चिकाटी येथें होती. फरक इतकाच कीं येथें देऊळ आधींच उभें होतें, तें मोडूं द्यावयाचें नव्हतें.

मात्र एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या गृहस्थानें ही सारी भूमि लोकांसाठीं मिळविली, त्यालाच त्या भूमीवर लोकांनीं रात्रीं मुक्काम करावा हें पसंत नव्हतें. निसर्गानें जें घडविलें त्यांत मनुष्यानें शक्य तितका कमी हात घालावा, अशी बोर्डमन यांची श्रद्धा होती. राहुट्या आल्या कीं नळ आले, शौचकूप आले, दिवे आले, मोटारींचे तळ आले. मग अरण्य कोठें राहिलें? १९३३ पासून मंदीच्या काळांत बेकार तरुणांच्या सरकारी पथकांनीं या उद्यानांत पायवाटा, दगडी निवारे व बैठका बांधल्या. तेंहि काम जपून व्हावें यावर त्यांचा कटाक्ष असे. परंतु महायुद्धानंतर काळ बदलला. कामगारांना पगारी सुट्या मिळूं लागल्या, मोटार घरोघर आली, आणि बायकामुलांसह निघालेल्या कुटुंबास खानावळीचा खर्च झेपेना. बोर्डमन निवृत्त झाल्यावर संस्थानानें मुक्कामाचे तळ झपाट्यानें उघडले. ज्या फोर्ट स्टीव्हन्सवर २१ जून १९४२ च्या रात्रीं जपानी पाणबुडीनें तोफा डागल्या होत्या, त्या किल्ल्याच्या आवारांत पुढें राहुट्यांची एक मोठी वसाहतच झाली. आणि तेथून जवळच, १९०६ सालीं वाळूंत रुतलेल्या ‘पीटर आयरडेल’ या जहाजाच्या गंजलेल्या सांगाड्याभोंवतीं मुलें खेळूं लागलीं. बोर्डमन यांची भीति खोटी नव्हती. पण ज्या सौंदर्याजवळ गरिबाला रात्रभर राहतां येत नाहीं, तें सौंदर्य अखेर श्रीमंतांचेंच होऊन बसतें, हेंहि खोटें नाहीं.

खरी कसोटी लागली १९६६ सालीं. कॅनन बीच या गांवीं एका विश्रामगृहाच्या मालकानें समोरच्या कोरड्या वाळूवर ओंडके रचून ती आपल्या पाहुण्यांपुरती राखून ठेविली आणि इतरांस तेथून उठविलें. तेव्हां सर्वांच्या लक्षांत आलें कीं १९१३ च्या कायद्यानें फक्त भरतीची ओली वाळू लोकांची झाली होती. तिच्यावरील कोरडी वाळू, जेथें लोक बसतात, जेवतात, शेकोटी पेटवितात, ती कागदोपत्रीं खाजगीच होती! कायदेमंडळांत आलेलें विधेयक समितींत अडकून पडलें. तेव्हां गव्हर्नर टॉम मकॉल हे १३ मे १९६७ रोजीं मोजणीदार व वार्ताहर बरोबर घेऊन हेलिकॉप्टरनें किनाऱ्यावर उतरले आणि रेषा कोठें असावी हें त्यांनीं वाळूंतच दाखवून दिलें. मकॉल मूळचे पत्रकार. चित्राचें सामर्थ्य ते जाणत होते. लोकमत खवळलें, आणि ६ जुलै १९६७ रोजीं त्यांनीं कायद्यावर सही केली. जमीन मालकाची राहिली, परंतु जेथें गवत-झुडपें सुरू होतात तेथवरच्या वाळूवर वावरण्याचा हक्क सर्वांचा ठरला.

मालकांचें म्हणणें न्यायालयांत गेलें. १९६९ सालीं ऑरेगॉनच्या वरिष्ठ न्यायालयानें जो निकाल दिला तो आपल्या वाचकांस विशेष ओळखीचा वाटेल, कारण त्याचा पाया ‘वहिवाट’ हा होता. पिढ्यान्‌पिढ्या, अखंड, शांतपणें व कोणाच्याहि हरकतीवांचून लोक जी वाट वापरतात ती त्यांची होते, हें तत्त्व आपल्याकडील पाणंदीच्या तंट्यांत कोणाहि शेतकऱ्यास ठाऊक असतें. न्यायालयानें तेंच जुन्या इंग्रजी कायद्यांतून शोधून काढलें. आणि या वहिवाटीचा प्रारंभ कोठून? पहिले गोरे वसाहतवाले आले तेव्हां येथील मूळचे रहिवासी ओल्या वाळूंत शिंपले उकरीत आणि कोरड्या वाळूवर चुली पेटवीत, अशी नोंद निकालपत्रांतच आहे.

या एका वाक्यापाशीं वाचकानें थोडें थांबावें. ज्यांच्या चुलींच्या राखेवर सर्व जनतेचा हक्क उभारला गेला, त्यांना त्याच किनाऱ्यावरून एका शतकापूर्वीं हुसकून लावलें होतें. त्यांची वहिवाट पुरावा म्हणून ग्राह्य ठरली. हक्क म्हणून ती कोणीं मानली नव्हती. यावरून निकाल चुकला असें मीं म्हणत नाहीं. तो न्याय्य व उदार आहे. परंतु ‘सार्वजनिक’ या शब्दाचा परीघ कोणी तरी आंखीत असतो, आणि त्याच्या बाहेर राहिलेल्यांची आठवण इतिहासानें ठेवावयाची असते.

मिळालेली वस्तु सांभाळणें हेंहि सोपें नव्हे. १९८० सालीं मतदारांनीं पेट्रोलच्या कराचा पैसा रस्त्यांपुरताच राखला आणि उद्यानांचा जुना आधार तुटला. १९९८ सालीं त्याच मतदारांनीं सोडतीच्या उत्पन्नाचा एक वांटा त्यांस देऊं केला. मध्यंतरीं पावसाळी मुलखांतहि लोकांनीं यावें म्हणून मध्य आशियांतील धनगरांच्या वाटोळ्या तंबूंच्या धर्तीवर निवारे उभारले गेले. असे उपाय बदलतील, पैशाचे मार्गहि बदलतील. टिकावयाची ती एकच गोष्ट: संध्याकाळीं वाळूवर शेकोटीभोंवतीं बसलेल्या कोणाहि माणसास ‘येथून ऊठ’ असें म्हणण्याचा अधिकार कोणास नसावा. वेस्ट यांच्या युक्तीनें, बोर्डमन यांच्या चिकाटीनें आणि मकॉल यांच्या धडाडीनें तो अधिकार कोणाच्या हातीं जाऊं दिला नाहीं. समुद्राकांठीं राहणाऱ्या कोणत्याहि समाजानें हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. आणि तो कुंपणें पडण्यापूर्वीं विचारावा हें बरें.